दुसरी सही

सोमवार, ३ मार्च

कोपऱ्यावरची बँक बंद! दारावर नुसता एक कागद — यापुढे ग्राहकांनी मोबाइलवरून व्यवहार करावेत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आईंनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. "खाली शिक्का नाही," म्हणाल्या आणि वळल्या. सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे काढलेली माझी सासू! बँक गेल्याचं दुःख होतंच, पण बिनशिक्क्याचा कागद लावून गेली याचं जास्त.

आणि नेमकं आजच मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. इस्पितळाची नवी शाखा निघतेय, दुसऱ्या गावात, इथून रात्रभराच्या अंतरावर. तिथला एक्स-रे विभाग मी सांभाळावा म्हणतात. प्रमुख म्हणून! "महिनाअखेर सांगा." आजवर लोकांना 'श्वास रोखा' म्हणत आले, आज माझाच रोखला गेला.

घरी सांगितलं नाही. घरी म्हणजे तरी कुणाला — हे गेल्यापासून आम्ही दोघीच.

बुधवार, ५ मार्च

साधी गोष्ट आहे. आईंना फोनवरून पैसे देता-घेता आले तर मी जाऊ शकते. नाही आले तर नाही. धाकटे भाऊजी केव्हापासून मागे लागलेत, "वहिनी, आईला माझ्याकडे पाठवून द्या." त्यावर आई, "पाठवून द्यायला मी पार्सल आहे का?" त्यांना हे घर, ही खिडकी, खालची फळवाली सोडायची नाही. आणि सोडायला लावणारी मी कोण?

त्यांच्या फोनवर तीन ॲपं घातली. एक निळं, एक जांभळं, एक पिवळं. नावं लक्षात राहत नाहीत, रंग राहतात.

"तीन कशाला गं?"

"तुलना करू. बरं वाटेल ते ठेवू."

"म्हणजे दोघांना नकार कळवायचा," म्हणाल्या, आणि स्वतःच खूप वेळ हसत बसल्या.

गुरुवार, ६ मार्च

आज निळं. सगळ्यांकडे असतं ते. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो. मला दहा पाठवायचे. नाव बरोबर, रक्कम बरोबर, गुप्त आकडा न विचारता आठवला. आणि मग बोट हवेत! खाली येईचना.

"बघ गं, बरोबर आहे का?"

"बरोबर आहे. दाबा."

"न बघताच सांगतेयस!"

उठून बघितलं. मग दाबलं. पुन्हा दहा पाठवा म्हटलं — पुन्हा बोट हवेत. त्यांची बँकेतली सवय ती. तिथे एकाने लिहायचं आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाने तपासायचं. एकट्याच्या सहीवर पैसा जागचा हलायचा नाही. आईंच्या समोर एक बाई बसायच्या. तपासून झालं की त्या पेनाच्या टोपणाने टेबलावर दोनदा टकटक करायच्या. ती टकटक ऐकली की आईंनी पुढचं करायचं. सगळा जन्म असा गेलेला!

म्हणून तिसऱ्यांदा मी चमचा घेतला आणि टेबलावर टकटक केलं. बोट लगेच खाली! आम्ही दोघी हसलो. मग निळं ॲप मोठ्याने ओरडलं, "अभिनंदन! दहा पाठवले!"

"दवंडी कशाला पिटतंय?" आई म्हणाल्या. "आणि तीही दहाची."

शुक्रवार, ७ मार्च

इस्पितळात आईंचा फोन. औषधाच्या दुकानात उभ्या, मागे रांग. "बघ गं, बरोबर आहे का?" इथून कसं बघणार मी! एक्स-रेच्या टेबलावर एक आजोबा गुडघा धरून आडवे. तरी रक्कम विचारली, नाव विचारलं, आणि फोन खोलीच्या दाराजवळ नेऊन दारावर दोनदा टकटक केलं. आजोबा आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "अहो, या म्हणा की त्यांना आत."

रविवार, ९ मार्च

आज वाईट झालं. म्हणजे खरं तर काहीच झालं नाही, पण आईंना फार लागलं.

मी झोपले होते म्हणून त्या एकट्याच खाली गेल्या. फळं घेतली, निळं उघडलं, आणि 'पाठवा'च्या जागी 'मागा' दाबलं. फळवालीभोवती ही गर्दी. तिला फोनवर आईंचं नाव दिसलं, साठचा आकडा दिसला, ती काही न विचारता आपला गुप्त आकडा टाकून मोकळी झाली. फळं पण हिनेच दिली आणि पैसे पण हिनेच! आई पिशवी घेऊन जिना चढल्या तेव्हा फोन ओरडला, "साठ मिळाले!"

"मिळाले?" आई दारातच थांबल्या. चपला तशाच, परत खाली. मी मागोमाग धावले.

फळवाली हसायला लागली. "असू दे हो मावशी. मला वाटलं तुम्हाला सुट्टे हवेत."

आईंनी साठ परत केले, फळांचे साठ वेगळे दिले, दोन्ही वेळा मला शेजारी उभं करून. घरी आल्यावर फळांना हात लावला नाही. "दुसरी सही नव्हती ना," एवढंच म्हणाल्या. मला हसू आवरत नव्हतं. मग त्या कागदावर साठ आणि साठचा हिशेब तिसऱ्यांदा मांडताना दिसल्या आणि हसू पार गेलं.

मी मनात म्हटलं, चला, नाही जमायचं. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटलं.

बुधवार, १२ मार्च

जांभळं. मोठी अक्षरं. पाठवायचं पान वेगळं, मागायचं वेगळं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. समोरच्याचं नाव आधी दाखवतं, ठळक. ओरडत नाही. आई खूश! "हे शहाण्या घरातलं दिसतंय."

विजेचं बिल भरलं. मी चमच्याने टकटक केलं, त्यांनी दाबलं. मग पडद्यावर एक चमचमती पट्टी आली — खरवडा आणि बक्षीस मिळवा.

"पैसे माझेच गेले, बक्षीस कसलं?" तरी नखाने हळूच खरवडलं. आत लिहिलेलं, 'पुन्हा प्रयत्न करा'. आईंचा चेहरा! "म्हणजे? मी कुठे कमी पडले?"

मला मात्र जांभळ्याचा रंग डोळ्यांवर येतो.

शनिवार, १५ मार्च

बुटांचा तळवा परत निघाला. दोनदा चिकटवून झालाय. दिवसभर उभं राहायचं काम, संध्याकाळी पोटऱ्या दगड होतात. आई रोज म्हणतात, "बूट घे." आज गेलेही दुकानात. एक जोड पायात घातला, इतका मऊ! तशीच उभी राहिले. मग काढून ठेवला आणि घरी आले.

पैशांचा प्रश्न नाही. विचारायचं कुणाला हा प्रश्न. हे होते तेव्हा काहीही घ्यायचं झालं की मी दुकानातून फोन करायची, "घेऊ का?" आणि हे, किंमत न विचारता, वस्तू न विचारता, "घे की." दर वेळी तेच! शेजारच्या खुर्चीतून आई ओरडायच्या, "अरे, विचार तरी, काय घेतेय ती!" मला फोनवर ऐकू यायचं. नाही म्हणणार नाहीत हे मला ठाऊक असायचं. तरी विचारायची. त्या दोन शब्दांशिवाय पाकीट उघडत नसे माझं. अजूनही उघडत नाही.

सोमवार, १७ मार्च

जांभळ्यात मागे जायचा बाण डावीकडे आहे. आई उजव्या हाताने धरतात. गैरसोयीचं आहे.

मंगळवार, १८ मार्च

जांभळं उघडायला वेळ लावतं.

(आई म्हणाल्या, "कुठे लावतं? आताच तर उघडलं.")

गुरुवार, २० मार्च

फुटलं सगळं.

मी अंघोळीला असताना इस्पितळाच्या ऑफिसातून फोन आला आणि आईंनी घेतला. "बाईंचं नव्या शाखेचं ठरलं का? खोली बघायची आहे त्यांच्यासाठी." आईंनी फोन ठेवला. चहा गाळला, माझ्यापुढे ठेवला, समोर बसल्या.

"कधी सांगणार होतीस?"

मी चहावरची साय काढायला लागले.

"म्हणून ही परीक्षा होय! मी पास झाले की तू जाणार."

"तसं नाही हो आई..."

"तसं नाही हे दिसतंयच मला. मी पास होत आले की तू पेपर अवघड करतेस. रंग डोळ्यांवर येतो म्हणे! बाण डावीकडे म्हणे! अगं, ॲपात खोट नाहीये. तुलाच जायचं नाहीये. माझ्या नावावर कशाला खपवतेस?"

मला रडूच आलं. इतक्या वर्षांत आईंपुढे अशी कधी रडले नव्हते, हे गेले तेव्हाही नाही. म्हटलं, "हो, नाही जायचं. तुम्ही इथे, मी तिकडे. नवी खोली, नवी माणसं, आणि विचारायला कोणी नाही."

"काय विचारायचं असतं तुला?"

"काहीही! साधी भाजी घेतली तरी मला कुणाला तरी विचारावंसं वाटतं. पन्नाशी उलटली माझी. हसा तुम्ही."

आई हसल्या नाहीत. कप बशीत गोल गोल फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "काम आवडतंय का ते? प्रमुख व्हायचं?"

"आवडेल," म्हटलं. आवडेलच. नवं मशीन, हाताखाली शिकणारी मुलं. खोटं कशाला बोलू?

"बरं," म्हणाल्या, आणि कप विसळायला उठल्या.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी स्वतःहून, "ते पिवळं बघायचं राहिलंय."

पिवळ्यात एक वेगळीच सोय निघाली. 'सोबत' म्हणतात तिला. दोघांनी आपापले फोन जोडायचे. एकाने पैसे पाठवायला घेतले की दुसऱ्याच्या फोनवर विचारणा जाते, आणि त्याने मंजूर केल्यावरच पैसे हलतात. मंजूर करणाऱ्याला खाली दोन शब्द लिहायलाही जागा आहे. पाठवणारं कोण आणि मंजुरी देणारं कोण, ते सुरुवातीला ठरवायचं.

मी वाचून दाखवत होते आणि आईंचा चेहरा उजळत चालला होता. "हे नक्की आमच्या बँकेतल्या माणसाने केलंय!"

रविवार, २३ मार्च

पिवळं जोडलं. टेबलावर दोन्ही फोन आईंपुढे, त्यांनी चष्मा चढवलेला, मी समोर मटार सोलत. नियमांची ही मोठी जंत्री. मला असलं वाचायचा कंटाळा, खाली जाऊन 'मान्य' दाबणारी मी. आई ओळ न ओळ वाचतात.

"तुझा आकडा टाक इथे." टाकला. "आता इथे." टाकला. फोनला मटाराचा ओला डाग पडला तर बोलणी खाल्ली.

"झालं?"

"झालं." आणि टोपणाने टेबलावर टकटक केलं. आज त्यांनी!

म्हणजे आता आईंची दुसरी सही मी. कुठेही असले तरी. छातीवरून काहीतरी उतरलं.

सोमवार, ३१ मार्च

मोठ्या डॉक्टरांना हो सांगितलं! आवाज जरा चिरकला, पण सांगितलं.

रात्री भाऊजींचा फोन. "वहिनी, तुम्ही जा हो खुशाल, पण आईला एकटं कसं—" आईंनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "एकटी कुठे रे? आमचं सोबत आहे. तुला नाही कळायचं, तू बँकेत नव्हतास." भाऊजी हसायला लागले. दर पंधरवड्याला येऊन राहतो म्हणाले. येतील. आईवर जीव आहे त्यांचा, फक्त दाखवताना हुकूम सोडल्यासारखं बोलतात.

बुधवार, २ एप्रिल

आज लवकर सुटले. दार नुसतं लोटलेलं. आत बघते तर आई टेबलाशी, फोनवर जांभळं उघडलेलं. औषधवाल्याचं नाव, रक्कम, सगळं घातलं. बोट हवेत. मी टकटक करायला हात उचलला, तेवढ्यात त्या उठल्या. फोन तिथेच ठेवला. टेबलाला वळसा घालून पलीकडे, यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. दुसरा चष्मा लावला. फोन आपल्याकडे वळवून घेतला आणि अगदी परक्या माणसासारखं, ओठ आवळून तपासलं. नाव. रक्कम. मग टोपणाने दोनदा टकटक. पुन्हा उठून आपल्या खुर्चीत आल्या आणि दाबलं!

मी दारात तशीच उभी. हसू की रडू कळेना.

"कधीपासून करताय असं?"

"झाले काही दिवस," आई जराही न ओशाळता म्हणाल्या. "खुर्ची बदलली की माणूस बदलतो. मघाशी लिहिलेलं चुकलं असेल तर इकडून दिसतं."

"मग पिवळं? माझ्याकडे एकही विचारणा आली नाही म्हणून मी काळजी करतेय."

"आहे की पिवळं. असू दे. तुला कामात कशाला त्रास?"

म्हणजे माझी गरजच उरली नाही म्हणायची! आनंद व्हायला हवा. याच्यासाठीच तर महिनाभर आटापिटा केला. पण सांगूनच टाकते, थोडं दुखलं. चहा पिताना आई बुटांकडे बघून म्हणाल्या, "तिथे तरी नवे घे." म्हटलं, "बघू."

शनिवार, ५ एप्रिल

निघाले. आई खाली टॅक्सीपर्यंत आल्या. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मी बसल्यावर टपावर दोनदा टकटक केलं. टॅक्सीवाल्याला वाटलं, निघा म्हणतायत. निघाला तो.

सोमवार, ७ एप्रिल

खोलीला पूर्वेची खिडकी. मशीनवरचं प्लॅस्टिक आम्हीच काढलं. हाताखालच्या मुली मला 'मॅडम' म्हणतात आणि मी मागे वळून बघते, कुणाला म्हणतायत.

आईंशी बोलले. फळवालीला जांभळ्यावरून पैसे दिले म्हणाल्या. "इथे खाली खुर्ची नाही म्हणून झाडाला वळसा घातला." ती म्हणे विचारत होती, मावशी, चक्कर येते का!

माझं मात्र सगळं पुढे ढकलणं चालू आहे. पडदे नाहीत, बादलीही इस्पितळातून आणली. दुकानापर्यंत जाते आणि परत येते.

शनिवार, १२ एप्रिल

दुपारी बुटाचा तळवा पुरताच निघाला, इस्पितळाच्या जिन्यात. आता इलाज नव्हता. समोरच्या दुकानात शिरले, जोड घातला, मऊ आहे, हो म्हटलं. निळ्यावरून पैसे जाईनात, सारखं 'थोड्या वेळाने करून बघा'. दुकानदार ताटकळत उभा. मग पिवळं उघडलं, जोडल्यानंतर पहिल्यांदाच. रक्कम घातली, आकडा टाकला. पडद्यावर आलं — तुमच्या सोबतीची मंजुरी बाकी आहे. आणि खाली नाव: आई.

मला वाटलं, उलटं जोडलं गेलं. मटार सोलता सोलता मीच कुठे भलतीकडे आकडा टाकला. मग आठवलं, ओळ न ओळ वाचणारी बाई होती समोर. तिने आयुष्यात कधी उलटं जोडलेलं नाही.

फोन करणार तेवढ्यात तो हातातच थरथरला. मंजूर. खाली लिहायच्या जागेत दोन शब्द होते.

घे की.